वसंतभाऊ, काय खबर?

लुसी, तुझ्या मातीला केवढी माणसं लोटली होती, बाई! नंदाखालच्या चर्चच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेतली आपली जुनी पोरं आली, पाचूबंदरच्या मासळीवाल्या आल्या. आणि शाळेजवळचा तो टपरीवाला राजू, ज्याच्याशी माझी कायमची जुंपलेली, तोसुद्धा टपरीला कुलूप घालून, पांढरा शर्ट चढवून आला. डोळे पुसत होता मेला! मी त्याच्या दारात भर उन्हात मोजायची टेप धरून उभी राहायचे तेव्हा त्याने मला कधी पाणी विचारलं नाही. आणि तुझ्यासाठी ऐन धंद्याच्या वेळी कुलूप.

मी भिंतीकडेला उभी राहून सगळं बघत होते. बघत कसली, जळत होते. रडायला हवं होतं, मान्य. पण आधी मनात आलं ते हेच की माझ्या वेळी यातलं कोण येईल? चार खांदेकरी जमले तरी देव पावला म्हणायचं.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "सुमन, अगं, आज तरी?" हो, आज तरी. तू गेलीस म्हणून माझा स्वभाव कुठे गेला?

एका शाळेत शिकवलं आपण, एकाच वर्षी निवृत्त झालो. तू केळीच्या वाडीतली, मी खाडीकाठच्या शेतकरी घरातली. घरी बसून सुनांच्या स्वयंपाकात नाक खुपसण्यापेक्षा बरं, म्हणून दोघी त्या तंबाखूच्या तपासणीत शिरलो. काम सोपं होतं. शाळेच्या फाटकावर तंबाखूबंदीची पाटी आहे का, शंभर यार्डांवर रस्त्यात पिवळा पट्टा मारलाय का, पट्ट्याच्या आत कुणी विडी-सिगारेट विकतंय का, भिंतींवर पिचकाऱ्या आहेत का. बघायचं, लिहायचं आणि काही महिन्यांनी तालुक्याच्या तंबाखूबंदी समितीपुढे जाऊन सांगायचं की नियम पाळला जातोय की नुसता कागदावर आहे.

मी नीट करायचे काम. टेप माझी, खडू माझा, छत्री माझी. तू आपली पिशवीत सुकेळी, घरी उन्हात वाळवलेली केळी, घेऊन यायचीस. तपासणीला आलीस की बारशाला, असं मी तुला पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

राजूची टपरी पट्ट्याच्या आत होती. मी मापून दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ, उद्या हटवतो." आणि हटवली की! मी अहवालात लिहिलं, टपरी हटवली, नियम पाळला. तू मात्र परत गेलीस, मला न सांगता. टपरी होती तिथेच आली होती. मग तू पुन्हा गेलीस, पुन्हा गेलीस. त्याच्या बायकोला दिवस गेलेले, तिला कुठल्या दवाखान्यात घालावं ते सांगितलंस. त्याच्या स्टुलावर बसून त्याचा चहा प्यायलीस. तंबाखूच्या पुड्यांची माळ डोक्यावर लोंबत असताना! मी रस्त्यापलीकडून बघत होते, माझं रक्त नुसतं उकळत होतं. आणि एक दिवस माळ गेली. मग टपरीच गेली पट्ट्याबाहेर, आणि तिथेच राहिली.

"तू त्याला सांगितलंस तरी काय?" मी विचारलं.

"काही नाही. येते-जाते, विचारते."

"आणि नियम?"

"नियम तू सांगितला होतास की! मी फक्त परत गेले. पहिल्या दिवशी सगळेच सोवळं नेसून बसतात, सुमन. एकदा जाऊन काय कळतं?"

यावरून आपली जी जुंपली ती आजतागायत मिटलेली नाही. माझं म्हणणं अजून तेच आहे. नियम मोडला की दंड. दंड भरला की माणूस सरळ होतो. चहा पिऊन कायदा राबवायचा म्हटलं तर एवढे चहा प्यायचे कुणी? पण समितीत साहेबांनी माझा स्वच्छ अक्षरातला अहवाल बाजूला ठेवला आणि तुला विचारलं, "बाई, तुम्ही हे कसं जमवलंत?" तू माझ्याकडे बोट दाखवलंस. म्हणालीस, "सगळं मोजमाप हिचं आहे." तेव्हा तर मला तुझा आणखीच राग आला. मोठेपणसुद्धा तूच घेऊन जायचीस.

पाचूबंदरला काय झालं आठवतं? लिलाव आटोपून बायका बसल्या होत्या. मी कागद काढून विचारलं, तंबाखू खाता का? एक मावशी पदर सावरत म्हणाली, "आमी नाय गो बाय तंबाखू खात. बस, पानी घे." मी लिहिलं, नाही. तू खाली बसलीस, तिच्या टोपलीशेजारी, आणि तिच्या काळ्या दातांकडे बघून हसलीस. "मावशी, मशेरी कुठली लावता?" झालं! ती कमरेची डबी काढून तुला दाखवायला लागली. "मशेरी काय तंबाखू हाय? ती तर दातांना लावाची." सगळ्या बायका हसायला लागल्या, तू पण, आणि मी लिहिलेलं 'नाही' खोडत उभी. त्या बायका तुझ्या मातीला आल्या होत्या, लुसी. ती मावशी तुझ्या पायाशी बसून मोठमोठ्याने रडत होती. मला तिने ओळखलंसुद्धा नाही.

मग ताटाचं प्रकरण. आपल्याकडे, तुमच्यात काय न् आमच्यात काय, मयताच्या घरी बसायला आलेल्या पुरुषांपुढे पानसुपारीचं ताट ठेवतात. त्यात विडीबंडल, तंबाखू, चुना. दुःखातल्या माणसाने आल्यागेल्याचा मान ठेवायचा तो असा. कितीतरी पोरांनी पहिली चिमूट आजोबांच्या मयताला उचलली, हे आपल्याला घरोघरी कळलं, म्हणून ठरवलं की हे ताट बंद करायचं. आमच्या समाजाच्या बैठकीत ठराव मी आधी मंजूर करून घेतला. तुझ्या गावाच्या आधी, हे लक्षात ठेव! टाळ्या पडल्या. आणि आठ दिवसांत आमच्याच आळीत मयत झालं, तर ताट ओट्यावरून उठून मागच्या दारी गेलं होतं, एवढाच काय तो फरक. तुमच्याकडे ठराव उशिरा झाला. पण तू प्रत्येक मयताला सकाळीच जाऊन बसायचीस, कांदे चिरायला, चहा ओतायला. तू घरात असताना ताट काढायची कुणाची हिंमत होत नसे. तुमच्याकडे ताट बंदच झालं.

हे सगळं मी गिळलं असतं, लुसी. राजू तुझा, मासळीवाल्या तुझ्या, साहेब तुझे. घेऊन जा. पण माझा नवरासुद्धा?

आमच्या ह्यांची तंबाखू माझ्या लग्नाआधीची. कचेरीत कारकुनी करता करता बार भरायचे, जेवून उठले की भरायचे, पोरीच्या लग्नात अक्षता टाकताना गालात होती. मी काय नाही केलं? डब्या विहिरीत टाकल्या. शपथा घातल्या, माझ्या, पोरांच्या, कुलदैवताच्या. अबोला धरला, त्याचा तर त्यांना आरामच झाला. मग दातांच्या डॉक्टरांनी गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला. म्हणाले, आजपासून बंद, नाहीतर पुढचं मी सांगायची गरज नाही. घरी येताना रिक्षात मी रडत होते आणि हे डबी उघडत होते. मी पार हरले होते तेव्हा.

ते तुला सांगितलं, ती माझी चूक की शहाणपण, अजून ठरत नाही. पुढच्या शनिवारी तू आलीस. ओट्यावर त्यांच्या समोर बसलीस, एक सुकेळं सुक्या पानातून सोडवून त्यांच्या हातावर ठेवलंस आणि विचारलंस, "वसंतभाऊ, काय खबर?"

बस्स. एवढंच. मी स्वयंपाकघरातून कान लावून होते. तंबाखूचं नाव नाही, चट्ट्याचं नाही, माझं तर नाहीच. हे म्हणाले, "खाल्ली. रोज खाल्ली." तू म्हणालीस, "बरं." आणि आंब्याला मोहोर किती आलाय ते बोलत बसलीस. दर शनिवारी तेच. "वसंतभाऊ, काय खबर?" "कालपर्यंत खाल्ली." "बरं." "दोनदाच खाल्ली." "बरं." आणि एका शनिवारी तू फाटकातून आत येतेस न येतेस तोच हे ओट्यावरून ओरडले, "लुसीबाई, नाही खाल्ली!" परीक्षेत पास झालेल्या पोरासारखे. मला नाही सांगितलं आधी! मी आत त्यांच्याच घरात, त्यांच्याच चुलीपाशी, आणि ही बातमी मला तुझ्यासोबत कळली.

शेजारपाजारचे चेष्टा करायचे, सुमनबाई, सांभाळा हो, शनिवारची सवत आली. मी हसून न्यायचे. पण खरं सांगू? सवत परवडली असती. तिच्याशी भांडता येतं. तुझ्याशी काय भांडू? तू माझ्या नवऱ्याचा जीव वाचवत होतीस. चट्टा फिका पडत गेला. डॉक्टर म्हणाले, "छान! पण पुन्हा सुरू केलीत तर माझ्याकडे येऊ नका." आणि मी घरी येऊन देवाला साखर ठेवली आणि तुझ्यावर चिडले. जो शब्द मी जन्मभर मागितला तो त्यांनी तुला सुकेळ्यावर दिला.

आणि सुकेळी तरी कसली गं तुझी! आख्ख्या पंचक्रोशीत विचार, सुकेळी माझी चांगली. सोनेरी, मऊ, तोंडात विरघळणारी. तुझी काळपट आणि चामट. दाढेखाली धरलं तर संपता संपत नाही. हे मात्र मिटक्या मारत चघळत बसायचे.

आभार मानायचे राहून गेले, लुसी. म्हणजे राहून नाही गेले, मी मानले नाहीत. फाटकापर्यंत सोडायला यायचे तेव्हा दर वेळी जिभेवर यायचं. आणि दर वेळी मी म्हणायचे, "सुकेळी थोडी कमी वाळव." तू म्हणायचीस, "बरं."

सोमवारी तू सुकेळी उन्हात घालता घालता खाली बसलीस आणि उठली नाहीस. निरोप आला तेव्हा हे पेपर वाचत होते. घडी घातली, चष्मा काढला आणि नुसते बसून राहिले. माझ्या आईच्या वेळीही इतके गप्प झाले नव्हते. ह्याचीही मी नोंद घेतली, काय करणार.

मंगळवारी तुझ्या घरी आलो. तू पेटीत, केसांत पांढरी फुलं, हातात जपमाळ. बायका प्रार्थना म्हणत होत्या. मी तुझ्या उशाशी थोडा वेळ उभी राहिले आणि मग तिथून निघून काय केलं असेल सांग? ताट शोधायला गेले. हो! तुझ्या गावात ताट बंद झालं म्हणतात ना, तर आज बघू, म्हटलं. आज कांदे चिरायला तू नाहीस. माझ्यासारखी तपासणीस दुसरी मिळणार नाही तुला.

आणि सापडलं. विहिरीपलीकडे, केळींच्या आडोशाला. तुझा धाकटा दीर, जो मालाडला राहतो आणि ज्याला तुझ्या ठरावाचा पत्ताच नाही, त्याने मोठ्या मानाने मांडलं होतं. स्टीलचं नवंकोरं ताट, पानं, विड्या, तंबाखू, सगळं साग्रसंगीत. "वहिनीच्या मयताला आलेली माणसं तशीच कशी जातील?" असं म्हणत एकेकापुढे धरत होता बिचारा. क्षणभर मला, देवा क्षमा कर, आनंद झाला. म्हटलं, लुसीबाई, तुमच्याकडेही शेवटी मागच्या दारीच!

आणि मग मला ताटासमोरचा हात दिसला. ह्यांचा. तळहातावर तंबाखू, अंगठा चालू. इतक्या दिवसांनी, पण अंगठा काही विसरला नव्हता.

डॉक्टरांचा आवाज कानात आला. मी जवळ गेले आणि सगळ्यांदेखत ओरडणार होते, पण ह्यांचे डोळे बघितले आणि हळू बोलले. "अहो, काय हे?"

"लुसीबाई गेल्या," ते म्हणाले. "आता शनिवारी विचारणार कोण?"

"मी विचारीन की!"

"तू विचारत नाहीस, सुमन. तू झडती घेतेस."

रागाने नाही बोलले. ऊन कडक आहे म्हणावं तसं बोलले. तुझ्या दिराने ताट धरून ठेवलेलं, त्याला काही कळेना. मागून कुणी हाक दिली, पेटी निघाली म्हणून. ह्यांनी मूठ मिटली आणि गर्दीत चालायला लागले.

चर्चमध्ये मिस्सा चालू असताना मी त्यांच्या मुठीकडे बघत होते. फादर तुझ्याबद्दल चांगलं बोलले म्हणतात, मला एक शब्द आठवत नाही. मूठ मिटलेलीच. दफनभूमीत मी त्यांच्या मागेच राहिले. पेटी खाली सोडली. एकेक जण पुढे होऊन मूठभर माती टाकत होता. राजूने टाकली, मावशीने टाकली. हे पुढे झाले, वाकले, डाव्या हाताने माती घेतली आणि दोन्ही मुठी तुझ्यावर उघडल्या.

मग हात झटकले आणि माझ्याकडे न बघता बाजूला जाऊन उभे राहिले.

मी रडले तेव्हा. माझ्या शेजारच्या बाईला वाटलं तुझ्यासाठी रडते. तुझ्यासाठीच होतं गं, पण सगळं तुझ्यासाठी नव्हतं. माझ्या शपथांना, माझ्या उपासांना जी मूठ उघडली नाही ती तुझ्या पेटीवर उघडली. आणि डोळे पुसता पुसता मनात आलं, दफनभूमी शाळेला लागून आहे. शंभर यार्डांच्या आत तंबाखू! हे तुला सांगायला म्हणून मी वळले, आणि शेजारी तू नव्हतीस.

आज शनिवार. सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. घरात डबी नाही, मी शोधलं, हो, शोधलं. पण आणायला नाक्यापर्यंत जायला कितीसा वेळ लागतो? तुझ्या येण्याच्या वेळेला हे ओट्यावर जाऊन बसले. फाटकाकडे तोंड करून. समोरची खुर्ची रिकामी. मी दारात दोनदा आले आणि दोनदा परत गेले. मग माझ्या बरणीतलं चांगलं सोनेरी सुकेळं घेतलं, तुझ्या खुर्चीत जाऊन बसले आणि ते त्यांच्या हातावर ठेवलं.

"काय खबर?" मी म्हटलं.

हे हसले. "पोलीस चौकीत बसल्यासारखं वाटतंय."

जिभेवर आलं होतं गं माझ्या! तुमच्यासाठी मी काय काय केलं, इथपासून सगळं. गिळलं. म्हटलं, "बरं."

ते सुकेळं खाऊ लागले. दोन घासांत संपलं. रिकाम्या हाताकडे बघत म्हणाले, "तुझी फार मऊ असतात. तोंडात राहत नाहीत." आता यावर काय बोलायचं? मी आंब्याकडे बघत बसले. मोहोराचं काहीतरी बोलायला हवं होतं, पण मला ते जमत नाही. मी उठले नाही, एवढंच केलं.

मग ते फाटकाकडे बघूनच म्हणाले, "लुसीबाईंना कळव. नाही खाल्ली."

मला नाही सांगितलं, बघ. अजूनही तुलाच सांगतात. मी नुसती निरोप्या.

गच्चीवर केळी उन्हात घातली आहेत. उद्या काढायची होती, ती आणखी दोन उन्हं ठेवणार आहे, तुझ्यासारखी चामट होईपर्यंत. लोक नावं ठेवतील माझ्या सुकेळ्यांना, ठेवू देत.

तर लुसी, तुझ्या वसंतभाऊंचा निरोप असा, की नाही खाल्ली. पण विचारलं मी होतं. मी.